मिनिटाला साठ ठोक्यांचं औषध

काटेकोर साहेबांना डॉक्टरांनी औषध म्हणून संगीत लिहून दिलं, तेव्हा साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "किती?"

"किती म्हणजे?" डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे किती वेळ, दिवसातून किती वेळा, आणि जेवणाआधी की जेवणानंतर?"

डॉक्टर घरचे होते, वीस वर्षांचे अनुभवी होते, त्यामुळे हसले नाहीत. "रोज वीस मिनिटं. संथ हवं. दोन व्हायोलिनं, त्याहून जरा मोठा एक व्हिओला, आणि गुडघ्यांत धरून वाजवायचा भलाथोरला एक चेलो, असे चौघं बसून वाजवतात ना, तसलं. गाणं नको. शब्द आले की तुम्ही त्यात चुका काढाल. मिनिटाला साधारण साठ ठोके. डोळे मिटून ऐकायचं, मनात काय येतंय ते येऊ द्यायचं, आणि काहीही करायचं नाही."

हे शेवटचं फारच अवघड होतं. काटेकोर साहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. आईबापांनी ठेवलेलं नाव पगारपत्रकात होतं, पण बाजारात, हपिसात आणि इमारतीत सगळे त्यांना काटेकोरच म्हणत, आणि त्यांनाही ते मनातून आवडत असे. सव्वीस वर्षं ते पितळी वजनांची पेटी घेऊन बाजार फिरत होते. ते गल्लीच्या तोंडाशी दिसले की दुकानदार आपापल्या तराजूखालचे खडे काढून टाकत. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकोच्या स्वयंपाकघरातला मापाचा पेला तपासून 'दोन टक्के कमी भरतो' असं सांगितलं होतं. बायकोनं तो पेला अजून ठेवलाय. वापरत नाही, नुसता दिसेल असा ठेवलाय.

तर झालं असं होतं, की खात्यानं नवा नियम काढला. पन्नाशीपुढच्या फिरत्या माणसाचा रक्तदाब एकशे चाळीसवर नव्वदच्या आत पाहिजे, नाहीतर फिरती बंद आणि आवक-जावकच्या टेबलावर बदली. साहेबांचा भरला एकशे छप्पन्नवर अठ्ठ्याण्णव. महिन्यानं फेरतपासणी. आवक-जावकचं टेबल जिन्याखाली होतं. तिथं बसणारा माणूस दिवसभर कागदांवर आकडे टाकतो आणि संध्याकाळी त्याला कोणी ओळखत नाही. साहेबांना त्या टेबलाची खरंच भीती वाटत होती. बाजार सुटला तर आपण कोण, हा प्रश्न त्यांना रात्री नाही, भर दुपारी जेवणाचा डबा उघडतानासुद्धा पडायला लागला होता.

सुरुवात फोनवरून केली. साहेब खुर्चीत बसले, डोळे मिटले, संथ सूर सुरू झाले, आणि चौथ्या मिनिटाला एक माणूस फरशी पुसायच्या औषधाची जाहिरात करत बेंबीच्या देठापासून ओरडला. साहेबांच्या हातातला चष्मा उडाला. घरच्या यंत्रावर रक्तदाब एकशे बासष्ट. हे घरचं यंत्र अर्थातच त्यांनी स्वतः प्रयोगशाळेत तपासून आणलेलं होतं, त्यामुळे त्याच्याशी वाद घालायचीही सोय नव्हती.

बातमी इमारतीत पसरली. आता रक्तदाब ही अशी गोष्ट आहे, की ज्याला आहे त्याला फक्त गोळ्या असतात, ज्याला नाही त्याच्याकडे उपाय असतात. कोणी उलटं चालायला सांगितलं, कोणी डाव्या कुशीवर झोपायला. एका बाईंनी तर 'बायकोशी बोलणं कमी करा' असं बायकोसमोरच सांगितलं. वरच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहत. त्यांना सगळे सल्लागार म्हणत, कारण सल्ला मागितला नाही तर त्यांना बरं वाटत नसे. ते म्हणाले, "फोनवर कसलं ऐकताय? डबाबंद औषध आणि ताजं औषध यात फरक असतो. आमच्या ओळखीत चौघं आहेत, संगीत विद्यालयात शिकवतात. विद्यालयाचं छत गळतंय, महिनाभर दुरुस्ती आहे, आणि महिन्याअखेर त्यांचा कार्यक्रम. तालमीला जागा नाही. तुमची बाहेरची खोली रिकामीच असते संध्याकाळी."

"रिकामी कुठे? मी बसते ना तिथं," बायको म्हणाली.

पण साहेबांना हिशेब पटला होता. त्यांना संगीत हवं होतं, चौघांना खोली हवी होती. माप चोख होतं.

आता सोसायटीची परवानगी. सेक्रेटरी खालच्याच मजल्यावर राहत. त्यांनी छापील अर्ज काढला. त्यात 'आवाजाचं प्रयोजन' असा रकाना होता आणि पुढे चार चौकटी: वाढदिवस, शिकवणी, दुरुस्ती, इतर.

"'इतर'ला खूण केलीत तर जिन्यातल्या सातही घरांच्या सह्या लागतील," सेक्रेटरी म्हणाले. "'दुरुस्ती'ला काही लागत नाही. सहापर्यंत भिंत फोडा, कोणी विचारणार नाही. तुम्ही दुरुस्ती लिहा ना."

"पण दुरुस्ती नाहीये."

"अहो, तब्येतीची दुरुस्तीच आहे की. कोण बघतंय?"

"मी बघतोय," साहेब म्हणाले. आणि 'इतर'ला खूण करून सात घरं चढायला निघाले.

सह्या मिळाल्या, पण फुकट नाही. प्रत्येक सहीला एकेक अट चिकटलेली. एका घराला खिडक्या बंद हव्यात, दुसऱ्याला उघड्या हव्यात, कारण मग फुकट ऐकता येईल. तिसऱ्या घरातल्या गृहस्थांनी 'तुम्ही महिनाभर वाजवा, मग मी महिनाभर ड्रिल चालवणार' असा करारच लिहून घेतला. सल्लागारांनी सही केली आणि खाली लिहिलं, 'माझ्या सूचनेवरून.' साहेबांनी सातही अटींचा तक्ता करून दाराला आतून लावला.

सोमवारी साडेपाचला चौघं आले. पहिलं व्हायोलिन वाजवणारे गृहस्थ उंच, किडकिडीत, आणि सगळ्यांच्या पुढे चालणारे. दुसरं व्हायोलिन वाजवणाऱ्या बाई अकरा वर्षं दुसरं वाजवत होत्या आणि हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. व्हिओलावाले स्थूल, गप्प, चप्पल काढतानासुद्धा 'माफ करा' म्हणणारे. आणि चेलोवाल्या बाई, हसऱ्या, धिप्पाड, पाठीवर आपल्याएवढीच पेटी.

चेलोला खाली टोकदार लोखंडी पाय असतो, हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. नव्या गुळगुळीत फरशीवर तो पाय घसरला आणि चेलो कपाटाकडे निघाला. बायकोनं पायपुसणं आणलं, ते पायपुसण्यासकट गेला. "एक छोटंसं भोक पाडलं तर..." असं चेलोवाल्या बाई म्हणाल्या मात्र, बायकोचा चेहरा बघून त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. अखेर भाजी चिरायची लाकडी फळी आणली. तिच्या कडेला दोन पुस्तकं लावली, त्या फळीत पाय रुतवला, आणि चेलो थांबला. फळी महिनाभर तिथंच राहणार हे ठरलं. बायको काही बोलली नाही. न बोलण्याचे तिचे दोन प्रकार होते, हा दुसरा.

आणि मग ते वाजवायला लागले.

खरं सांगायचं तर फार छान वाजवलं. खालून चेलोचा जाड, सावकाश आवाज, वर व्हायोलिनची लांबच लांब ओढ, मधे बाकीचे दोघं हळूच भर घालतायत. बायको दारात उभी राहिली ती उभीच राहिली. साहेबांनी डोळे मिटले. एक मिनिट गेलं. मग त्यांनी एक डोळा उघडला आणि खिशातून थांबघड्याळ काढलं.

माणसानं सव्वीस वर्षं एकच काम केलं असेल तर त्याला दोष तरी किती द्यायचा? डॉक्टरांनी साठ ठोके लिहून दिले होते. साहेबांनी मोजले. पहिल्या मिनिटाला अठ्ठावन्न भरले. दुसऱ्याला बावन्न. तिसऱ्या मिनिटाला पहिल्या व्हायोलिननं एक सूर असा काही लांबवला, की पुढचा ठोका येतो की नाही अशी काळजी वाटावी. शेहेचाळीस! बाजारात एवढी तूट आली असती तर दुकानाला टाळं लागलं असतं. साहेबांच्या कानशिलावरची शीर उडायला लागली.

"थांबा," ते म्हणाले.

चौघं थांबले.

"इथं कमी भरतंय."

"काय कमी भरतंय?" पहिल्या व्हायोलिननं विचारलं.

"ठोके. साठ ठरलेत, शेहेचाळीस भरले. चौदाची तूट."

"साहेब, त्याला जीव म्हणतात. सूर मोजून नाही देत, श्वासासारखा..."

"श्वासही मिनिटाला पंधरा-सोळाच असतात," साहेब म्हणाले.

यावर दुसऱ्या व्हायोलिनवाल्या बाईंनी गज मांडीवर ठेवला आणि इतक्या समाधानानं हसल्या, की अकरा वर्षांत त्या तशा हसल्या नसतील. "मी हेच सांगतेय. अकरा वर्षं सांगतेय! ओढतात ते. प्रत्येक वेळी ओढतात. आता सरकारी माणसानं मोजून सांगितलं, झालं?"

झालं कसलं, तिथून सुरू झालं. ऐकणाऱ्याला निवांत वाटावं म्हणून जे संगीत वाजवतात, ते बसवताना ही माणसं किती भांडतात हे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहायला हवं होतं. एका सुराला गज वर न्यायचा की खाली, यावर पाऊण तास. कोणी आधी श्वास घेतला, यावर वीस मिनिटं. चार वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमात कोण कोणाकडे बघून हसलं, हेही निघालं. मधेमधे ते भांडण ताटातल्या लोणच्यासारखं बाजूला सारत, दोन मिनिटं स्वर्गीय वाजवत, आणि पुन्हा भांडत.

साहेबांनी हे सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. त्यांच्या घरात मापावरून वाद, आणि ते गप्प बसणार? त्यांनी रोजचा तपासणी-अहवाल सुरू केला. कोणत्या ओळीत किती ठोके, कोणाचा सूर किती आधी संपला. चार प्रती काढून चौघांना वाटल्या. चेलोवाल्या बाईंनी आपली प्रत घडी घालून फळीखाली सारली, फळी हलत होती म्हणून. शुक्रवारी घरच्या यंत्रावर आकडा आला एकशे अडुसष्ट.

शनिवारी स्फोट झाला. साहेब पाचव्यांदा "थांबा" म्हणाले तेव्हा पहिल्या व्हायोलिननं वाद्य पेटीत ठेवलं. दुसऱ्या बाई म्हणाल्या, "खुशाल जा, जाताना तरी वेळेवर जा." आणि तेव्हा, आठवडाभरात पहिल्यांदाच, व्हिओलावाले बोलले.

"माफ करा," ते म्हणाले. "हे साहेब आत बसले तर मी वाजवेन."

पहिलं व्हायोलिन म्हणालं, "मीही." दुसऱ्या बाई जरा थांबून म्हणाल्या, "बरोबर आहे." आठवडाभरात त्या चौघांचं एकमत झालं ते या एकाच गोष्टीवर.

काय अपमान झाला म्हणता! स्वतःचं घर, स्वतःची खुर्ची, स्वतः गोळा केलेल्या सात सह्या, आणि स्वतःलाच आत जायला सांगतात. साहेबांनी मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "या हो आत. मटार सोलायचेत. फळी तुमच्या चेलोखाली गेल्यापासून मला सोलायच्याच भाज्या करता येतात."

स्वयंपाकघराचं दार लागलं. साहेब स्टुलावर बसले, समोर शेंगांचा ढीग. घड्याळ बाहेर खुर्चीवर राहिलं होतं आणि आणायला जायची लाज वाटत होती. बंद दारातून सूर यायचा तो गाळून आल्यासारखा, कडा गेलेला. त्यात ठोके मोजायला काही सापडेना. पहिल्या दिवशी त्यांनी शेंगेतले दाणे मोजले. सरासरी साडेसहा भरली.

दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "आता बघा, ती दुसरी बाई रागावलीय."

"भांडतायत कुठे? वाजवतायत."

"वाजवतेय ती रागानंच. ऐका ना नीट."

साहेबांनी ऐकलं. खरंच की! रागावलेलीच होती. आणि थोड्या वेळानं चेलो खालून काहीतरी समजूत काढल्यासारखं बोलला, आणि ती निवळली. साहेबांचे हात शेंगेवर थांबले. त्यांनी बायकोकडे जरा नव्यानं पाहिलं.

मग ती सवयच झाली. साडेपाच वाजले की दोघं आत. कधी बोलायचे, कधी नाही. घरातलं यंत्र बायकोनं कपाटात वरच्या फळीवर टाकलं होतं. एकदा तिथून डबा काढताना ती स्टुलावर चढली आणि चढताना तोंड वाकडं केलं.

"काय झालं?"

"काही नाही. गुडघा."

"कधीपासून?"

"झाली की चार वर्षं."

"चार वर्षं? मला नाही बोललीस ते."

"तुम्ही विचारलंत कुठे?"

बाहेर त्या वेळी काय चाललं होतं ते सांगायला नको, ते संथच काहीतरी होतं. साहेबांना फार वाईट वाटलं. बाजारातल्या प्रत्येक तराजूचा काटा कुठं अडकतो हे ज्याला तोंडपाठ, त्याला घरातलं हे चार वर्षं दिसलं नाही. ते उठले आणि डबा त्यांनी काढून दिला. दुसऱ्या दिवसापासून वरच्या फळीवरच्या वस्तू खाली आल्या. यंत्र तेवढं वरच राहिलं.

फेरतपासणीच्या दिवशी बायको सोबत आली. खात्याच्या डॉक्टरीणबाई तरुण आणि घाईत होत्या. त्यांनी साहेबांच्या दंडाला पट्टा बांधला, बटण दाबलं, पट्टा फुगला, उतरला, आणि यंत्रावर आकडा आला: एकशे बत्तीसवर चौऱ्याऐंशी.

बायकोनं डोळे मिटून मोठ्ठा श्वास सोडला. जिन्याखालचं टेबल टळलं! साहेबांच्या चेहऱ्यावर हसू येत होतं, येत होतं, आणि अर्ध्यात थांबलं. त्यांचा हात आपोआप यंत्राकडे गेला आणि त्यांनी ते उलटं केलं.

"अहो," बायको म्हणाली. सव्वीस वर्षांचा संसार होता, तिला कळलं. "राहू द्या."

"राहू कसं देऊ?"

यंत्राच्या पाठीवर खात्याचा शिक्का होता, पण मुदत चौदा महिन्यांपूर्वीच संपलेली.

"बाई," साहेब डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "हे मला जप्त करावं लागेल."

"अहो, पण याच्यावर तुम्ही पास झालाय!"

"म्हणूनच."

त्यांनी बॅगेतून कागद काढला आणि रीतसर पंचनामा केला. दोन पंच लागतात. एक दारावरचा शिपाई झाला. दुसरं कोणी नव्हतं, म्हणून बायको झाली. नवऱ्याला पास करणारं यंत्र जप्त होत असल्याची साक्ष म्हणून तिनं सही केली, आणि पेन इतकं दाबून धरलं, की कागद फाटता फाटता राहिला. साहेबांनी यंत्राला सुतळी बांधली, गाठीवर लाख ओतली, मोहोर उमटवली. सगळं सावकाश, एकेक करून.

"आणि तुमचा रिपोर्ट?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तो रद्द. दुसरं यंत्र असेल तर आणा."

कपाटातून जुनं पाऱ्याचं यंत्र निघालं. शिक्का ताजा होता. पुन्हा पट्टा, पुन्हा हवा. बायको खिडकीबाहेर बघत बसली, तिला तो पारा बघवेना. डॉक्टरीणबाईंनी एकदा मोजलं, मान हलवली, पुन्हा मोजलं.

"एकशे अठ्ठावीसवर ब्याऐंशी," त्या म्हणाल्या. "अहो, मघापेक्षाही कमी! माणसं इथं आली की घाबरून वाढवतात. काय केलंत काय महिनाभर?"

"मटार सोलले," साहेब म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी 'फिरतीस योग्य' असं लिहिलं, खाली सही केली, आणि सांगितलं की आता संगीत, पथ्य, काहीही करायची गरज नाही. बायकोनं कागदाची घडी घालून तो पर्समध्ये ठेवला. जिना उतरताना साहेबांनी तिला गुडघ्यासाठी हात दिला. तिनं तो धरला, आणि 'लोक बघतायत' असं म्हणत खालपर्यंत सोडला नाही.

घरी आले तर सल्लागारांकडे ठेवलेल्या किल्लीनं दार उघडून चौघं बाहेरच्या खोलीत उभे. पेट्या बंद, निघायच्या तयारीत. कार्यक्रम आदल्या दिवशी पार पडला होता, बरा झाला होता, आणि विद्यालयाचं छतही झालं होतं. चेलोवाल्या बाईंनी फळी धुऊन पुसून आणली होती. मधोमध एक खोल भोक पडलं होतं, त्याबद्दल त्या वाईट वाटून घेत होत्या. पहिल्या व्हायोलिननं साहेबांपुढे हात जोडले.

"फार उपकार झाले. उद्यापासून तुम्हाला त्रास नाही. तुमचा तर आज निकाल होता ना? किती भरलं?"

साहेबांनी घसा साफ केला. सबंध बाजाराला ठाऊक होतं की या माणसाच्या तोंडून चुकीचा आकडा निघत नाही. व्हिओलावाले दाराशी एक चप्पल घालून थांबले होते.

"एकशे पन्नास," साहेब म्हणाले. "वर... म्हणजे, खाली शहाण्णव. वाढलेलंच आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संगीत बंद करू नका. निदान सहा महिने तरी नाहीच."

विद्यालयात आता कोरडी, ऐसपैस खोली होती. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग खात्री करून घ्यावी म्हणून बायकोकडे.

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचे कान लालबुंद झाले होते.

"हो ना," ती म्हणाली. "मी तिथंच होते. पंच म्हणून."

आणि पर्सची चेन शेवटपर्यंत ओढून तिनं चेलोवाल्या बाईंच्या हातातली फळी घेतली आणि पुन्हा जमिनीवर ठेवली.